नवसाची वेणी

दोन्या कुकाने युरिदियाची वेणी अंगठा आणि तर्जनीत धरली. दोन्ही बोटं जवळजवळ टेकलीच.

"एवढीच?"

चर्चच्या मागच्या खोलीत पाच-सहा बायका केसांच्या बटा विंचरत बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची मूर्ती मिरवणुकीला निघणार, आणि मूर्तीच्या डोक्यावर गावातल्या मुलींच्या नवसाच्या केसांचा टोप चढणार. तो ओवायचा मान दोन्या कुकाचा, म्हणजे कुकाबाईंचा. युरिदिया तान्ही असताना तापातून उठली, तेव्हाच आईने तिचे केस बोलून ठेवले होते. पंधरा वर्षं त्यांना कात्री लागली नव्हती.

"उंदराची शेपटी गं बाई ही," एक म्हणाली.

दुसरी हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "डोक्यावरचे हनुवटीवर उतरलेत."

खसखस पिकली. युरिदियाची हनुवटी झोंबायला लागली. सकाळीच तिने तिच्यावर वस्तरा फिरवला होता.

आई कानाशी वाकली. "खरं सांग, काही वेडंवाकडं केलंस का? देव उगाच हात आखडत नाही."

महिन्याभरापूर्वीची युरिदिया इथे रडली असती. आजची मान वर करून म्हणाली, "मी काही केलेलं नाही, आई. हे पाप नाही, पीसीओएस आहे."

"हा कुठला संत?" दोन्या कुकाने विचारलं.

यावर युरिदियालाही हसू फुटलं, आणि मग ती बोलतच सुटली. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं तस्सं. बीज वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी चार-चार महिने येत नाही. पुरुषी संप्रेरकं वाढतात, म्हणून डोक्यावरचे केस गळतात आणि नको तिथे उगवतात. औषधं आहेत, रोज चालायचं आहे, खाणं सांभाळायचं आहे. पुष्कळ मुलींना असतं. कुणाचाच दोष नसतो.

कुणी हसलं नाही. बायकांचे कंगवे पुन्हा बटांतून फिरायला लागले.

"नर्सला नवसातलं काय कळतंय?" आई म्हणाली.

दोन्या कुकाने वेणी जपून पुन्हा युरिदियाच्या पाठीवर ठेवली. "पोरी, तुझ्यावर राग नाही गं. पण एकेक केस टाक्यात ओवावा लागतो. हे ओढलं की तुटतायत बघ."

"मग माझे घ्या की!"

युरिदियाची धाकटी बहीण, दहा वर्षांची मिरेया उड्या मारतच स्टुलावर जाऊन बसली. तिची वेणी मुठीत मावत नव्हती.

आईने दोन्या कुकाकडे पाहिलं. "धाकटीचे चालतील? फिटेल नवस?"

"रक्त तेच आहे. फिटेल."

आईला रडू कोसळलं. तिने मिरेयाच्या डोक्याचे मुकेच मुके घेतले. युरिदियाला वेणीचं टोक धरायला सांगितलं. ते तिने दोन्ही हातांनी धरलं. कात्री बराच वेळ करकरत राहिली, आणि मग सगळा भार एकदम तिच्या हातात आला.

"कित्ती हलकं वाटतंय!" मिरेया मुंडी गरागरा हलवत म्हणाली.

दवाखान्यातून निघताना नर्सने एक शेवटचं विचारलं होतं, घरात आणखी बहीण आहे का? पुढे तिलाही हे होऊ शकतं. आईला ते युरिदियाने सांगितलंच नव्हतं.

तिने मिरेयाची हनुवटी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवली.

"काय बघतेस गं ताई?"

"केस पडलेत. थांब, पुसते."

तिने अंगठा फिरवला. गुळगुळीत होतं. तिने पुन्हा एकदा फिरवला.