दोन हिरवे दिवे

एफ्राईनने भाजलेल्या गिनीपिगची तंगडी चोखून संपवली, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी काचेच्या तारेचं टोक धरलं. त्यावर थुंकला. शर्टाने पुसलं. पेटीत खोचलं.

मारिबेल किश्पे पेटीकडे वळली.

पेटीवर दोन हिरवे दिवे. इंटरनेटच्या दोन वाटा. एक पुलावरून, एक पठाराला वळसा घालून. दोन्ही कंत्राटदार एफ्राईनने टाकलेल्या. एक तुटली तरी दुसरी चालावी, म्हणून इस्पितळाने दोन्ही घेतल्या. मारिबेल राजधानीतून तपासणीला आली होती. ती 'ठीक' म्हणाली की आजवर इस्पितळाला इंटरनेट देणारी छतावरची रेडिओची जुनी तबकडी उतरणार. तिच्या 'ठीक'ची वाट न पाहता दोघं कामगार नट सोडायचे पाने घेऊन वर चढलेही होते.

टण. टण.

इस्पितळात सर्जन नव्हता. बाळंतीण अडली की राजधानी किटोतली डॉक्टर पडद्यावरून नर्सचे हात चालवायची. आजही आत एकीला कळा सुरू होत्या.

"दोन्ही वाटांनी संदेशाला अगदी सारखा वेळ लागतोय," मारिबेल मापकाचे आकडे पाहत म्हणाली. "पठाराची तर तिप्पट लांब आहे."

"प्रकाश आहे तो, इंजिनिअरबाई. बैलगाडी नव्हे!"

मेजवानीला आलेले नगराध्यक्ष हसले. तोंडातला मका दिसला.

ही लबाडी तिच्या ओळखीची होती. एकाच केबलमध्ये प्रकाशाचे दोन रंग सोडायचे आणि वाटा दोन म्हणून विकायच्या. केबल तुटली की दोन्ही रंग एकदमच जातात. ते सगळ्यांना दिसायला हवं होतं.

तिने दारातून नर्सला विचारलं, "पाच मिनिटं पडदा गेला तर?"

"आत्ता चालेल, पोरी. तासाभराने नाही."

"मग पुलावरची केबल कापा."

एफ्राईन भडकेल असं तिला वाटलं होतं. त्याने ढेकर दिला आणि खिडकीतून पुलावरच्या मजुराला हाक मारली.

"काप रे, विल्मर! बाईंची हौस फिटू दे. एक जरी दिवा विझला तर मिशी उतरवीन!"

खिडकीतून पूल दिसत होता. विल्मरने कात्री लावली. केबल तुटली, लोंबली, गढूळ पाण्यात पडली.

दोन्ही दिवे हिरवे.

जमलेल्या लोकांच्या टाळ्या. शिट्ट्या. नगराध्यक्षांचा तेलकट हात तिच्या खांद्यावर. "आता तरी पटलं ना, बाई?"

तिने तो हात झटकला. पुलावरची वाट तर कापली होती. तिचा दिवा कशावर जळतोय? पठाराच्या लांब वाटेने म्हणावं, तर वेळ फारच कमी लागत होता.

टण.

"शेवटचा नट राहिलाय!" वरून हाक आली. "देऊ का सोडून?"

मारिबेल जिन्याकडे धावली.

"नट सोडू नका! धरून ठेवा तिला! दोन्ही दिवे तबकडीच्याच जिवावर जळतायत!"