बुधवारच!

"बुधवार असेल तरच केमो घेतो. नाहीतर राहू द्या," असं म्हणून मास्तर खुर्चीतून उठलेसुद्धा.

लेकीने शर्ट धरून त्यांना परत खाली बसवलं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या शहराला क्लच सोडायला शिकवलेला माणूस. पित्तनलिकेच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं, जखम भरली, पण केमोचं नाव काढलं की घोडं अडायचं. "कापून टाकलाय ना? मग आता कशाला?" एखादी पेशी मागे राहिली असेल तर तिच्यासाठी, आणि फार उशीर करू नका, असं डॉक्टरांनी समजावलं. लेक चिडली, रडली, जेवायची थांबली. मास्तर ढिम्म. आणि परवा दुपारी स्वतःच शीळ घालत आले. "चल गं, तारीख घेऊन येऊ."

आता ही बुधवारची टूम.

"बुधवार फुल्ल आहे हो काका," तारखा देणाऱ्या सिस्टर म्हणाल्या. "सोमवार घ्या. छान खिडकीजवळची खुर्ची देते."

"खिडकी नको. बुधवार."

"पण का, बाबा?"

"मला मानवतो."

सिस्टरनी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं, कुणाकुणाला फोन केले. "एकांना वार बदलून हवाय, म्हणून जमतंय. पण खुर्ची कोपऱ्यातली आहे. पंखासुद्धा लागत नाही तिथे."

"चालेल!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की अख्खी रांग वळून बघायला लागली. पित्तनलिकेच्या ऑपरेशनचा डोक्यावर परिणाम होतो का, हे डॉक्टरांना विचारायचं लेकीने ठरवलं.

बुधवारी मास्तरांनी घोटून घोटून दाढी केली. ठेवणीतला शर्ट निघाला. लिफ्टच्या आरशात त्यांनी उरल्यासुरल्या केसांचा भांगही पाडला.

"बाबा, आपण केमोला चाललोय. लग्नाला नाही."

मास्तर खुदकन हसले. लेकीलाही हसू आवरेना. लिफ्टमनने दोघांकडे पाहिलं आणि उगाच तोही हसला.

केमोच्या हॉलच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन खुर्च्या होत्या. एकीत पिवळाधमक स्कार्फ बांधलेल्या बाई बसल्या होत्या, हाताला सलाइन. लेकीने त्यांना ओळखलं. ऑपरेशनच्या वेळी त्या समोरच्याच खोलीत होत्या.

बाईंनी मान वर केली. "अरे, किती वाट बघायची तुझी? बस ना!"

लेकीने चटकन मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मास्तर कानापर्यंत लाल होऊन टुणकन खुर्चीत बसले होते.

आई गेल्यापासून बाबांना 'अरे' म्हणणारं जगात कुणी उरलं नाही, असा तिचा समज होता.