हरकतदार

"या कड्यावर याआधी कधी गिधाडं पाहिलीत?" वकिलांनी पुन्हा विचारलं.

"नाही," म्हातारा म्हणाला.

"आणखी काही सांगायचंय?"

"काही नाही. नाही म्हणायचं आणि गप्प बसायचं. पाठ झालंय आता."

सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर तिघे बसले होते: वकील, म्हातारा आणि त्याचा मुलगा. मुलाने आणलेला चहा कुणीच प्यायला नव्हता.

म्हाताऱ्याच्या मालकीच्या डोंगराचा कडा एका खाण कंपनीला हवा होता. बोलणी मुलानेच केली होती. दगड वाहून नेण्याचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं आणि त्या भरवशावर कारखान्यातली नोकरी सोडली. बापाने एका शब्दानेही मोडता घातला नव्हता. "माझ्यामागे तुझंच आहे सगळं," म्हणत त्याने त्याच दिवशी होकार दिला होता.

सगळं जुळत आलं आणि वन खात्याने मध्येच खोडा घातला. त्यांना कड्यावर गिधाडांचं घरटं दिसलं होतं. कडा संरक्षित जाहीर झाला तरी मालकी म्हाताऱ्याचीच राहणार होती. पण तिथे सुरुंग लावता येणार नव्हता. त्याला नाही आणि त्याच्यानंतर कुणालाही नाही.

तेव्हा मात्र म्हातारा पेटला. बापाला इतकं संतापलेलं मुलाने कधी पाहिलं नव्हतं. मालक म्हणून हरकत त्याने स्वतः घेतली. वन खात्याच्या निरीक्षक बाई पाहणीला आल्या, तर काठी उगारून अंगावर धावला. सुनेने कसंबसं आवरून घरात नेलं. शेजारीपाजारी हसायचे. जिवंत माणसाला वकील परवडत नाही आणि मढी खाणाऱ्या पाखरांची बाजू सरकार लढवतंय, म्हणायचे.

वकिलांना मात्र खात्री होती. गिधाडं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरटं करत असतील, तरच कायदा ती जागा राखतो. बाईंकडे फोटो होते ते एकाच हंगामाचे. खासगी डोंगर, त्यामुळे आजवर तिथे कुणी पाहणीच केली नव्हती. एक जोडी वाट चुकून आली होती, एवढंच म्हणायचं.

शिपायाने दार उघडून त्यांना आत बोलावलं.

निरीक्षक बाई वयाने लहान होत्या. त्यांनी फोटो टेबलावर मांडले. वकिलांनी फोटो निरखून पाहिले, छायाचित्रणाचं कौतुक केलं आणि आधीच्या वर्षांचा काही पुरावा आहे का, असं अगदी नम्रपणे विचारलं. बाईंनी नाही म्हटलं. मग दोन पाहुण्या पाखरांसाठी एका कुटुंबाच्या तोंडचा घास काढायचा का, असं वकिलांनी विचारलं आणि ते खाली बसले.

सुनावणी अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला. "आजोबा, तुम्ही तिथले मालक. याआधी पाहिलीत तुम्ही ही पाखरं?"

मुलगा बापाकडे पाहत होता.

"नाही," म्हातारा म्हणाला.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. आता दोन ओळी लिहिल्या जायच्या बाकी होत्या. वकील फाइल बांधायला लागले.

"साहेब, एक मिनिट," बाई उठल्या. "आजोबा कदाचित कड्याकडे फारसे फिरकत नसतील. त्यांना तिथलं काही ठाऊक नसेल."

म्हातारा उभा राहिला.

"मला ठाऊक नसेल? माझ्या डोंगरावरचं?"

"बाबा, बसा," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला. वकिलांनी बाही ओढली. म्हाताऱ्याने ती हिसडून सोडवली.

"मला आजोबांनी खांद्यावर बसवून दाखवलीत ती पाखरं! त्याच कपारीत. एक साल चुकलेलं नाही. ह्याची आई तान्ह्या पोराला घेऊन माहेराहून परत आली, त्या दिवशीसुद्धा वर पिल्लू होतं. आणि ही कालची पोरगी मला सांगते?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

"दरवर्षी?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दरवर्षी," म्हातारा ठासून म्हणाला आणि मग भानावर आल्यासारखा मटकन खाली बसला.

मघाशी नाही का म्हणालात, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी वकिलांकडे पाहिलं. वकील स्वतःच्या बुटांकडे पाहत होते.

तासाभरात निकाल लागला. कडा कायमचा संरक्षित झाला. मालकाच्याच तोंडचा पुरावा, त्यापुढे अपिलात काय टिकणार, असं म्हणून वकील निघून गेले.

बाहेर आल्यावर मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"फक्त गप्प बसायचं होतं, बाबा."

"जीभ घसरली रे," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मुलाने मग बापाच्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. तुमचा स्वभाव मला काय आजचा माहीत आहे? बघू पुढचं पुढे. कारखान्यात परत घेतायत का विचारतो." तो गाडी आणायला गेला. जिना उतरतानाच त्याने बायकोला फोन लावला होता.

निरीक्षक बाई खोलीतून बाहेर आल्या. काठी आठवून जरा लांबच थांबल्या, मग धीर करून जवळ आल्या.

"आजोबा, रागावू नका. तुम्हाला डिवचलं मी. तुम्ही तापट आहात हे पाहिलं होतं, त्याचा फायदा घेतला. हे मनाला लागून राहील माझ्या."

म्हाताऱ्याने जिन्याकडे पाहिलं. मुलाच्या पावलांचा आवाज विरेपर्यंत तो थांबला.

"फार वेळ लावलात हो, बाई," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, आज तुम्ही डिवचताय की नाही."