परतीचं पाणी

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: काल पायरीला लागलेला समुद्र सकाळी दिसेनासाच झालाय! चांदीपूरला तो रोज असाच मैलभर आत जातो आणि परत येतो.

कोलकात्याहून सुट्टीला आलेले, लुची म्हणजे मैद्याची पुरी म्हटलं की धावत सुटणारे खवय्ये दादू उघड्या वाळूत शंख वेचत लांब गेले. नात झिनुक काठावरच थांबली; मामा अजून खोलीवरच होता. खेकडे पकडणारे मच्छीमार घाईघाईने माघारी फिरलेले तिला दिसले.

"दादू, पाणी येतंय!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"भित्री भागूबाई!" दादू हसले आणि पुन्हा वाकले.

त्यांच्यामागे फेसाची पांढरी रेघ सरकत होती.

झिनुकने डोळे पुसले आणि पुन्हा हाक मारली, "दादू, गरम लुच्या तळल्यात! मामा एकटाच संपवतोय!"