सिदूनं पोचवलेली कॉपी

कागदाचा बोळा खिडकीतून आला आणि थेट शिवकन्याच्या उत्तरपत्रिकेवर पडला. आत वजनाला खडा होता. वरून काळ्या लोकरीचा दोरा गुंडाळलेला होता. दोरा तिनं लगेच ओळखला. कॉपीला लोकरीचा दोरा बांधणारा माणूस बाहेर भिंतीवर चढलेल्यांत एकच असणार. तिनं खिडकीतून बघितलं. शाळेच्या कंपाउंडवर लाल पटका दिसला. तिचा बाप सिदू, दोन्ही कोपरं भिंतीवर रोवून लोंबकळत होता आणि हसत होता.

तिला कॉपी नको होती हो! पेपर जीवशास्त्राचा होता आणि निम्म्याच्या वर लिहून झाला होता. वर्षभर मेंढरांमागं फिरताना पुस्तक काखेत होतं तिच्या. बारावी पास झाली तर बीडला नर्सिंग, नाहीतर वैशाखात लग्न, असं तिच्या आईनं, ताराबाईनं, भावाला कबूल केलं होतं. मामानं पोरगाही बघून ठेवला होता. या पोरीचं सगळं नशीब त्या सहा पेपरांवर होतं.

आता सिदूला बोल लावावा, तर तो तरी कुठल्या तोंडानं? माणूस शाळेची पायरी चढलेला नाही. पोरांनी आत लिहायचं आणि घरच्यांनी बाहेरून कॉपी पुरवायची, ह्यालाच परीक्षा म्हणतात, असं त्यानं वर्षानुवर्षं बघितलेलं. शेतावर भाकरी पोचवावी तशी परीक्षेला कॉपी पोचवायची. पहिल्या दोन पेपरांना तो बिचारा लिंबाखाली बसून राहिला. तेव्हा शेजारचा रामेश्वर भिंतीवरून ओरडला होता, "कसला बाप हायेस बे तू? सरपंच सुंदररावाच्या तेजश्रीला चार-चार माणसं कॉपी पुरवायलेत, आन् तू हितं शेंगा खात बसलास?"

ते सिदूला लई लागलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आज दिवस उगवायलाच तो आष्टीला गेला. झेरॉक्सवाल्याला म्हणाला, "बारावीची कॉपी द्या. चांगल्यातली द्या."

"कोणत्या विषयाची?"

"बारावीची म्हनलं की."

झेरॉक्सवाला हसला आणि हाताला लागली ती गड्डी त्यानं दिली.

शिवकन्या बोळा खाली ढकलणार तेवढ्यात भरारी पथक वर्गात शिरलं. दैव द्यायला लागलं की असं देतं! पथकाच्या मॅडम सरळ तिच्या बाकापाशी आल्या. बोळा तिच्या मुठीत होता. त्यांनी मूठ उघडायला लावली.

बाहेरून कॉपी पुरवणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल, असं सकाळीच माईकवरून सांगितलं होतं. नुसतं सांगितलं नव्हतं. फाटकापाशी पोलिसांची जीप उभी होती आणि तीत दोघं जण बसवलेले शिवकन्यानं येताना बघितले होते.

मॅडमनी कागद उलगडला. वाचला. कपाळाला आठी पडली. मग तिची उत्तरपत्रिका उचलली आणि पानं चाळली. हृदयाच्या आकृतीपाशी त्या थांबल्या. प्रत्येक कप्प्याला पट्टीनं रेघ ओढून नाव दिलेलं होतं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"ही कॉपी इतिहासाची आहे, बाळा. हे तुझं काम नाही. बाहेरून कुणी टाकली, त्याचं नाव सांग आणि पेपर पुढं लिही. त्याचं काय करायचं ते आम्ही बघतो."

नुसतं एक नाव सांगायचं होतं. शिवकन्यानं खिडकीकडं बघितलं. लाल पटका अजून भिंतीवरच होता. बाकीचे बाप कधीच पसार झाले होते. पळायची वेळ झाली, एवढंही त्या भोळ्या माणसाला कळत नव्हतं.

"माजीच हाय, मॅडम," ती म्हणाली. "घरून आणलीती. गडबडीत विषय चुकला."

मॅडमनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. मग त्यांनी जबाब लिहून घेतला आणि तिची सही घेतली. उत्तरपत्रिका काढून घेतली. पुढचे पेपरही बंद. रस्टिकेट! वर्गात कुणी मान वर केली नाही. पलीकडच्या बाकावर तेजश्री मांडीखालच्या कागदावरून भराभर उतरवत होती. ते कागद पथकाला दिसले नाहीत. दिसतच नसतात ते.

शिवकन्या फाटकाबाहेर आली तेव्हा पेपर सुटायला दीड तास होता. सिदू पटका सावरत धावत आला. भिंतीला घासून त्याची दोन्ही कोपरं सोलपटली होती.

"आगं, येवढ्या लवकर? कावून?"

"झाला लिहून."

"झाला? समदा?" त्याचा विश्वास बसेना. त्यानं हळूच विचारलं, "माजी कॉपी पोचली का गं?"

तिनं फाटकाकडं बघितलं. जीप हाकेच्या अंतरावर होती.

"पोचली, आबा. लई कामाला आली."

सिदूनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि लिंबाखाली परतलेल्या रामेश्वराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला,

"मग आता काळजी करू नको. सोमवारच्या पेपराला बी आनतो बघ!"