बरी झालेली जखम

छातीचं हाड मधोमध कापून आणि पुन्हा तारेनं बांधून केलेली सांडूची बायपास होऊन महिना झाला, तरी छातीवरच्या जखमेतून पाणी येत होतं. त्या पाण्याचा नमुना संभाजीनगरच्या लॅबमध्ये गेला. तिसऱ्या दिवशी 'जंतू नाहीत' असा रिपोर्ट आला आणि सांडू गंगापूरला घरी परतला.

लॅबमधल्या विशाखानं मात्र जंतू वाढतात का ते पाहायला ठेवलेली नमुन्याची बशी फेकली नव्हती. बाराव्या दिवशी त्या बशीत कापसासारखी पांढरी बुरशी दिसली, आत शिरून हाड जुळू न देणारी. तिनं लगेच सांडूच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं, कडूबाईनं उचलला.

"सांडूभाऊंची जखम कशी आहे आता?"

"बरी झाली, मॅडम. पाणी थांबलं, कातडी जुळली. कालच पेढे वाटले."

"त्यांना काही त्रास?"

"नाय. खोकला आला की छातीचं हाड आतून कटकट वाजतं, तेवढंच."