नवरदेवाची खुर्ची

“ती खुर्ची आधी बाहेर काढा,” पाळकबाई म्हणाल्या.

कोणी हललं नाही. खुर्ची वेदीसमोर होती, बरोबर मधोमध. मंडपवाल्याकडून आणलेली, लाल मखमलीची, हात टेकायच्या जागी सोनेरी सिंह. तिच्यावर आजवर नवरदेवच बसत आले होते. आज तिच्यावर निवडणूक जिंकलेले साहेब बसणार होते. निकाल गुरुवारी लागला. रविवार उजाडेपर्यंत जिंकल्याची नशा साहेबांपेक्षा चर्चच्या सेक्रेटरीलाच जास्त चढली होती.

“वहिनी, कार्यक्रम ठरलाय,” सेक्रेटरी म्हणाला. “साहेब बसतील, मंडळी गुडघे टेकतील, पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करतील. संपलं.”

“गुडघे टेकून?”

“मग? देवानं आपला माणूस निवडून दिलाय.”

“आणि मागच्या वेळी दुसरा आला, तेव्हा देव काय बाहेरगावी गेला होता?”

सेक्रेटरी फुलदाणी सरळ करू लागला. ती सरळच होती.

या चर्चमध्ये राज्य करणाऱ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना व्हायची, ती उभ्यानं. कोणी का जिंकेना. गुडघे टेकायचे ते फक्त पापांची कबुली देताना, वधस्तंभाकडे तोंड करून. तिथं कारखान्याचा मालक आणि त्याचाच वॉचमन एकाच फळीवर टेकत, आणि दोघांचेही गुडघे सारखेच दुखत. आज तो वधस्तंभ निम्मा मखमलीमागे गेला होता.

“वधस्तंभ झाकलाय, भाऊजी. दिसतंय का तुम्हाला?”

“साहेब उठले की दिसेल परत.”

पाळकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. पाळकसाहेब छताकडे पाहत होते. छत गळत होतं, आणि साहेबांनी नवे पत्रे कबूल केले होते.

“अहो, तुम्ही तरी बोला. साहेबांसाठी प्रार्थना करा ना, मी कुठं नको म्हणते? मीही रोज करीन. पण त्यांना वेदीपुढे बसवून सगळ्यांना त्यांच्या पायाशी वाकवायचं?”

“अगं, एका दिवसाचा प्रश्न आहे,” ते हळूच म्हणाले. “पावसात पोरं ओल्यात बसतात. आणि तू बोललीस की लोक वेगळाच अर्थ काढतात. तुझा दादा पडलाय ना.”

हे मात्र झोंबलं. पडलेला उमेदवार पाळकबाईंचा सख्खा मोठा भाऊ. गुरुवारपासून गल्लीला दुसरा विषय नव्हता. त्या गप्प दिसल्या की, भावाचं मनाला लागलंय. बोलल्या की, जळतेय. लोकांचं एक सोडा. पण संसारात वर्षानुवर्षं समोर बसून जेवलेला माणूस, रविवारी गुडघा कुणापुढे टेकायचा ते सगळ्यांना सांगणारा, तोही त्याच घोळक्यात जाऊन उभा राहिला! तेही पत्र्यांसाठी. आज हा माणूस वाकला, तर उद्या त्याच्या तोंडून शास्त्र कोण ऐकणार? आणि आपण तरी कोणत्या मनानं ऐकायचं?

त्या आपल्या बाकाशी जाऊन बसल्या. पदर खांद्यावर इतका घट्ट ओढला की पिन निसटली.

घंटा झाली. चर्च भरलं. साहेब आले. खुर्ची पाहून जरा बिचकले, पण बसले. एवढ्या मानानं बसवल्यावर नको कोण म्हणतं?

“आपण... गुडघे टेकू या,” पाळकसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

बाकं करकरली. सगळ्यात आधी कोण टेकलं? दादा. पहिल्याच रांगेत. पडलेला माणूस नीट उठायच्या आतच वाकला होता. वर साहेबांचं लक्ष जाईल इतपत खोकलाही.

एकेक डोकं खाली गेलं. पाळकबाई उभ्या राहिल्या.

सेक्रेटरीनं गुडघ्यांवरूनच डोळे वटारले. खाली, खाली, अशी हातानं खूण केली. मागून कुणाची तरी कुजबुज आली, “बघ, भावाचा राग कसा काढतेय.” पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते, पण प्रार्थना काही सुरू होईना. पत्रे गेले, तर जन्मभर आपलंच नाव निघणार, हे पाळकबाईंना दिसत होतं. त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली.

शेवटी साहेबच हसले. मोठ्या मनानं हसतात तसे.

“राहू द्या, राहू द्या. ताईंना आग्रह करू नका. सख्खा भाऊ पडल्यावर बहिणीला लागणारच. मी समजू शकतो.”

दादानं मान आणखी खाली घातली. कुणीतरी फिसकन हसलं.

“दादाला कशाला मध्ये आणता, साहेब?” पाळकबाई म्हणाल्या. “मत मी तुम्हालाच दिलंय. पण मत दिलंय, गुडघे नाही.”